भिकाबाईनं लिंपलेली फट

भिंतीला तडा दिसला की भिकाबाईच्या बोटांना चैन पडत नाही, हे आमच्या गावातलं लहान लेकरूही सांगेल. मी तर तिच्या लग्नापासून सांगतो. नवरदेव पुंजाजी माझा वर्गमित्र. सातवीपर्यंत आम्ही एकाच चटईवर बसलो, आणि सातवीच्या पुढं गावात शाळाच नव्हती म्हणून दोघंही शिकून मोकळे झालो. लग्न पुंजाजीच्या दारात होतं. आदल्या दिवशी हळद लागून राहिली होती. नवरी पाटावर, भोवती बाया, गाणी जोरात. आणि मधेच नवरी उठली! सगळ्यांना वाटलं पोरीला भोवळ आली. तर ही सरळ समोरच्या भिंतीकडं गेली. तिथं बोटभर तडा होता. अंगावरची हळद निपटून तिनं त्यात भरली, अंगठ्यानं घोटली आणि परत येऊन पाटावर बसली. सासू सखुबाई तोंडाचा आ करून बघतच राहिल्या. मग म्हणाल्या, "आता गं माय! हिनं तर माप ओलांडायच्या आधीच घर धरलं!"

तो पिवळा पट्टा पुढं वीस वर्षं तिथं होता. भिंत पडली, पण पट्टा शाबूत राहिला, असं पुंजाजी शपथेवर सांगायचा. अर्थात पुंजाजी शपथा फार घ्यायचा.

तर अशी ही भिकाबाई. मित्राची बायको म्हणून मी तिला वैनी म्हणतो, ती मला भाऊजी म्हणते, आणि ह्या नात्यात टोमणे मारायची जेवढी सवलत मिळते तेवढी दोघंही पुरेपूर घेतो. पुंजाजी जाऊन सहा वर्षं झाली. तिनं आता पासष्टी गाठली असेल. गावात सिमेंटची घरं झाली, कणग्या गेल्या, पत्र्याच्या कोठ्या आल्या. पण कुणाची चूल घालायची, कुणाची पांढऱ्या मातीची भिंत सावरायची, तर निरोप भिकाबाईलाच. तिचा गारा पाहण्यासारखा. माती चाळून घेते, त्यात शेण, गव्हाचा भुसा, आणि बाभळीचा डिंक रात्रभर भिजवून त्याचं पाणी. हा गारा वाळला की खिळा ठोकला तर खिळा वाकतो. मी ठोकून पाहिलाय.

तिचा एक नियम मात्र तुम्हाला आधीच सांगून ठेवतो. उरलेला गारा ती कधी फेकत नाही. मूठभर उरो की घमेलंभर, जवळपास जी फट, जे बीळ, जे भगदाड असेल त्यात तो भरूनच हात धुते. कुणी विचारलं काहून, तर म्हणते, "भिजवल्याली माती फेकली तर ती शिव्या देती." तिच्या आईचा हा नियम, आईच्या आईचाही हाच.

गेल्या एप्रिलात मी तिला आमच्या आखाड्यावर बोलावलं. नरसीकडून येणाऱ्या वाटेला लागून आमचं वावर आहे, तिथंच आखाडा, म्हणजे अवजारं-बेणं ठेवायची जागा. पत्र्याचं शेड आहे, मोटारीची खोली आहे आणि बाजूला जुनी मातीची एक खोली मी हट्टानं ठेवली आहे. हळदीचं बेणं पत्र्याखाली सुकून जातं, मातीच्या खोलीत कसं गार, जिवंत राहतं. पोरगा म्हणतो पाडा. मी म्हणतो, मी पडल्यावर पाड.

दोन दिवस भिकाबाई राबली. दुसऱ्या दिवशी चारच्या सुमारास काम आटोपलं आणि घमेल्यात दोन ओंजळी गारा उरला. झालं. बाईची नजर फिरायला लागली. खोलीला फट उरली नव्हती. मोटारीच्या खोलीची भिंत सिमेंटची. मग ती वर बघायला लागली. खोलीच्या मागं आमचा खोबऱ्या आंबा आहे, माझ्या आज्यानं लावलेला. त्याच्या खोडात दीड पुरुष उंचीवर एक ढोली आहे.

"भाऊजी, हे काम कोनाचं?"

"कोणतं?"

"झाडाच्या ढोलीला कोनी तरी लिंपलंय की."

"मला इथून तू सुद्धा धड दिसत नाहीस, ढोली कुठली दिसायची?"

तिनं शिडी खोडाला लावली आणि चढली सुद्धा. वर जाऊन हात फिरवला. मग जे बोलली ते मला अजून शब्दन् शब्द पाठ आहे.

"हात चांगला हाय बापा! लई घट्ट काम. पन ह्याच्यात भुसा न्हाई, बियाच बिया कालवल्यात. आन् मधी उभी फट तशीच सोडून गेली. दोन बोटं रुंद, पाच बोटं उंच."

"एखाद्या सालगड्यानं केलं असेल."

"गड्याचा हात न्हाई ह्यो. बाईचाच हाय. पन काम अर्ध्यावर टाकून गेली, सटवी." तिनं फटीत बोट घातलं. "आत ऊब लागून राहिली."

"एप्रिल आहे वैनी. माझ्या टकलाला हात लाव, तिथंही ऊबच लागेल. बुजव आणि उतर खाली. पडलीस तर पुंजाजीला काय तोंड दाखवू?"

"त्याला तोंड दाखवाया तुमाला वर जावं लागंल. लवकर हाय का जायचं?"

आणि हसत हसत तिनं फट बुजवली. अंगठ्यानं घोटली. खाली उतरून हात धुतले. बुजव म्हणणारा मी, बुजवणारी ती. दोघंही खुशीत घरी गेलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला मी सुनेबरोबर आखाड्यावर आलो. शिवकन्या आमची सून, तिला बेण्याची खोली बघायची होती. लांबूनच आवाज यायला लागला. टक, टक, टक. मला वाटलं सुतार आला की काय. जवळ जाऊन बघतो तर खोडाला एक पाखरू लटकलेलं. घारीएवढं, राखेच्या रंगाचं, लांब शेपूट, विळ्यासारखी वाकडी चोच आणि त्या चोचीवर आणखी एक बारकं टोक. असली पाखरं मी जन्मभर पाहिली आहेत. पण नाव विचाराल तर ठाऊक नव्हतं. आमच्या शाळेत पक्ष्यांचा तक्ता होता, त्यात राजहंस होता, जो गुरुजींनीही पाहिला नव्हता. आणि शाळेच्या पिंपळावर हे पाखरू बसायचं, ते तक्त्यात नव्हतं. मग आम्हीही त्याला पाखरू मानलं नाही.

ते पाखरू भिकाबाईच्या ताज्या लिंपणावर चोच मारत होतं. चोच घसरायची. मग ते मान ताणायचं, आणि गळ्यातून एक उंबर चोचीच्या टोकावर आणायचं. ते लिंपणावर टेकवायचं. उंबर खाली पडायचं. मग दुसरं उंबर. तेही पडायचं. झाडाखाली पाहिलं तर पंचवीस-तीस उंबरं पडलेली, काही कालची, मुंग्या लागलेली.

"येडं झालं का हे?" मी म्हणालो.

शिवकन्यानं मोबाईलवर शूटिंग घेतलं आणि तिच्या मामेभावाला, विजयकुमारला पाठवलं. विजयकुमार वनरक्षक आहे, तेव्हा तो कळमनुरीकडं होता. दोन मिनिटं गेली नसतील, त्याचा फोन आला. तिनं फोन मोठ्यानं लावला.

"ताई, ते भोक कोणी बंद केलं?"

"आमच्याकडच्या एका बाईनं. काल."

"अगं, आत त्याची मादी आहे!"

मी खाटेवर बसलेला होतो, उठून उभा राहिलो.

"आत कशी असेल?" मी ओरडलो. "तिथं तर आधीपासूनच लिंपलेलं होतं!"

"मामा, ते तिनंच लिंपलेलं. हा राखी धनेश. मादी मार्चमध्ये ढोलीत शिरते आणि आतून आपल्या विष्ठेनं, फळांच्या गरानं दार बंद करून घेते. फक्त चोचीएवढी फट ठेवते. दोन-अडीच महिने बाहेर येत नाही. पंख गळतात तिचे आत, उडताही येत नाही. नर त्या फटीतून खाऊ घालतो. अंडी, पिल्लं, सगळं आतच."

काय सांगू तुम्हाला! बहात्तर वर्षं मी ह्याच झाडाखाली भाकरी खाल्ली. आमच्या आज्याचं झाड. आणि डोक्यावर कुणी तरी बाई स्वतःला चिणून घेऊन बसते, तिचा नवरा दिवसभर तिला भरवतो, आणि मला पत्ता नाही! मी पाणी प्यायलो तर ते नाकात गेलं.

"आता जिवंत आहे का ती?"

"रात्र गार होती म्हणून असेल. पण ऊन चढलं की आत भट्टी होईल. मला यायला अकरा वाजतील, तोवर थांबू नका. आणि मामा, ऐका! फोडायचं नाही. तिची भिंत फुटली तर कावळे, साप, कुणीही आत जाईल. तुम्ही जेवढं भरलं तेवढंच काढा."

मी तोवर सब्बल, लोखंडी पहार, घेतलीच होती. ती तशीच हातात राहिली. जेवढं भरलं तेवढंच? ते कुठपर्यंत भरलं, हे भिकाबाईशिवाय कुणाला ठाऊक?

शिवकन्यानं स्कूटी काढली आणि पंधरा मिनिटांत भिकाबाईला मागं बसवून आणलं. वाटेत सगळं सांगितलं असावं, कारण बाई उतरली ती चपला न घालताच. झाडावरचा तो नर तिनं बघितला. खालची उंबरं बघितली.

"म्हंजे म्या बोट घातलं तवा ती आत होती?"

"होय काकू."

"आन् ती ऊब... ती तिच्या अंगाची?"

शिवकन्यानं मान हलवली.

"आरं देवा!" म्हणून ती मटकन खाली बसली. मी तिला सासू गेली तेव्हा पाहिलंय, पुंजाजी गेला तेव्हा पाहिलंय. ही बाई इतकी पांढरी कधी पडली नव्हती. "बाळंतिणीच्या तोंडाव गारा थापला म्या. तिला सटवी म्हनले. काम अर्ध्याव टाकून गेली म्हनले!"

"वैनी, रडायला नंतर दिवस पडलेत. उठ. मी सब्बल मारतो, तू कुठं मारायची ते दाखव."

ह्यावर ती उसळलीच. म्हणे, "सब्बल ठिवा ती! घर हाय त्ये, इहीर न्हाई! पानी आना."

शिडीवर चढली. नर उडून लिंबावर गेला आणि तिथून ओरडायला लागला. भिकाबाईनं पदराचं टोक ओलं केलं आणि आपल्याच लिंपणावर दाबून धरलं. वाळला की दगड होणारा गारा, ज्याची ऐट तिनं आयुष्यभर मिरवली, तो आता ऐकेना. आठ वाजले. साडेआठ झाले. पदर ओला करायचा, दाबायचा, नखानं कण कण काढायचा. ऊन खोडावर यायला लागलं. मी खालून शिडी धरून उभा होतो.

"वैनी, तुझं कुठं संपतं ते कळून राहिलं का?"

"काहून न्हाई कळनार? माह्या गाऱ्यात भुसा हाय, तिच्यात बिया हायेत. भुसा लागला की काढायचा, बी लागली की थांबायचं." मग जरा वेळानं हळूच, "भाऊजी, आजवर म्या लिंपलेलं काढलं न्हाई कवा. बसवायचं ठाऊक, काढायचं ठाऊक न्हाई."

"आज शीक."

"तुमच्या तोंडाला लिंपाया पायजे होतं काल."

हे ऐकून मला बरं वाटलं. टोमणा मारतेय म्हणजे बाई शुद्धीवर आहे.

नऊच्या पुढं फट मोकळी झाली. दोन बोटं रुंद, पाच बोटं उंच. तिच्या उजव्या हाताच्या दोन नखांतून रक्त येत होतं. तिनं फटीला कान लावला.

"काय ऐकू येतं?"

"काय बी न्हाई."

पुन्हा ऐकलं. पुन्हा काही नाही. ती खाली उतरली तेव्हा माझ्याकडं बघेना. विजयकुमारला फोन लावला, तो म्हणाला, मादी घाबरली की आत गुपचूप दडून बसते, आवाजावरून काही सांगता येत नाही, तुम्ही पन्नास पावलं लांब जाऊन बसा, नराला येऊ द्या. तो आणतो ते आतून घेतलं गेलं, तर जिवंत आहे.

आम्ही तिघं पऱ्हाट्यांच्या, कापसाच्या वाळक्या काड्यांच्या, ढिगाआड जाऊन बसलो. नर लिंबावरून हलेना. दहा वाजत आले. असं ताणून धरलं की माझी जीभ आपोआप सुटते, मी गोष्ट काढायला लागलो तर शिवकन्यानं डोळे वटारले. मग भिकाबाईच बोलायला लागली, झाडावरची नजर न काढता.

"आमचा थोरला झाला तवा मी माहेरी व्हते. मायनं खोलीची खिडकी लिंपून टाकली, वारं लागू ने म्हून. हाताएवढी फट ठिवली. सव्वा म्हैना बाहेर न्हाई, बाप्यानं आत न्हाई यायचं. हे तुमचे दोस्त आठवड्याला यायचे चालत. अन् फटीतून रेवड्या द्यायचे. बोलायचे काय बी न्हाई. रेवडी द्यायचे, बोट धरायचे, जायचे."

"पुंजाजी? मला तर तो म्हणायचा बाजाराला जातो!"

"तुमाला काय बी सांगितलं की गावभर होतंय म्हून."

तेवढ्यात शिवकन्यानं माझा दंड धरला. नर आला होता. खोडाला लटकला, शेपूट खोडावर टेकवली, मान इकडून तिकडं केली. फटीकडं पाहिलं. एक उंबर गळ्यातून वर काढलं आणि फटीत धरलं. उंबर खाली पडलं. भिकाबाईनं डोळे मिटले. नरानं दुसरं धरलं. बराच वेळ धरून ठेवलं. तेही पडलं.

"संपलं," भिकाबाई म्हणाली.

"वैनी, डोळे उघड."

फटीतून चोचीचं टोक आलं होतं. बस, टोकच. पिवळट, मळकं, बोटाच्या पेराएवढं. त्यानं तिसरं उंबर धरलं आणि ते आत गेलं. मग चौथं. मग तो भराभर काढायला लागला, जणू गळ्यात अख्खं झाड भरून आणलंय. मी मोजायला गेलो आणि अकरावर मोजणंच विसरलो, कारण माझ्या शेजारी भिकाबाई दोन्ही हातांनी तोंड दाबून अशी रडून राहिली होती की पऱ्हाट्या हलत होत्या.

अकराला विजयकुमार आला. डायरी काढली, दुर्बिणीनं फट बघितली, आणि भिकाबाई त्याच्यापुढं जाऊन उभी राहिली.

"सायेब, माह्या हातून झालं. नेता का मला?"

"कुठं नेऊ काकू? कायद्यानं ह्या पक्ष्याला, त्याच्या घरट्याला संरक्षण आहे, हे खरं. पण तुम्ही मुद्दाम केलं नाही, आणि तुम्ही जसं उघडलंत तसं मलाही जमलं नसतं. घाबरू नका." आणि तिला धीर द्यावा म्हणून तो पुढं म्हणाला, "तसा हा पक्षी धोक्यात नाही. जगातल्या सगळ्या पक्ष्यांची एक यादी असते, कोण संपत आलंय, कोण नाही. त्यात हा सगळ्यात कमी काळजीच्या पायरीवर आहे. देशभर आहेत. सह्याद्रीकडं ह्याचा एक भाऊबंद आहे, असाच लहान, राखी. तो मात्र धोक्याच्या पायरीवर गेलाय."

मला वाटलं बाईला बरं वाटेल. तिचा चेहराच बदलला.

"काळजी न्हाई? कोन म्हनतं काळजी न्हाई? त्यो काल दुपारपासून दगडाव डोकं आपटून राहिला, त्याला इचारा!"

विजयकुमार ओशाळला. "काकू, ती यादी सगळ्या जातीची. ह्या एका घराची नाही." मग डायरी मिटून म्हणाला, "आणि खरं सांगू का, ह्याला ढोली लागते. स्वतः कोरता येत नाही, चोच असली तरी. म्हातारी झाडं तोडली की पक्षी खूप असूनही घरं नसतात. मामा, तुमच्या शिवारात अशी ढोलीची झाडं किती?"

मी तोंड उघडलं आणि मोजायला लागलो. माझ्या लहानपणी गोटी आंबा, शेंद्र्या, ओढ्याकाठचे दोन बेहडे, मारुतीमागचा लिंब, पाटलाची चिंच आणि हा खोबऱ्या. सात. आता? मी बोटं मिटत गेलो. शेंद्र्या तर मीच विकला, हळद शिजवायला सरपण म्हणून. खोबऱ्या सोडून एकही बोट वर राहिलं नाही. माझं मलाच खरं वाटेना. मी परत पहिल्यापासून मोजलं.

त्यानंतर भिकाबाई रोज यायला लागली. घरून आखाडा दोन किलोमीटर. पऱ्हाट्यांच्या आड बसायची, फटीतून चोच दिसली की उठून कामाला जायची. मेच्या मध्यावर तिनं मला बोलावून दाखवलं, की तिच्या नखानं डाव्या बाजूला जरा जास्त उकरलं गेलं होतं, ते मादीनं आतून बुजवून घेतलंय. "बराबर केलं बघा," म्हणाली. दुसऱ्या बाईच्या हाताला बराबर म्हणताना मी तिला पहिल्यांदा ऐकलं.

जूनच्या पहिल्या आठवड्यात एका सकाळी ढोलीतून खडखड यायला लागली. आम्ही दोघंच होतो. लिंपणाचा एक तुकडा पडला, मग दुसरा. मी धावणार तर भिकाबाईनं सदरा धरून ओढलं. "आतून हाय. तीच फोडून राहिली!" एवढी घट्ट भिंत, आणि ती चोचीनं तिच्या खपल्या काढत होती, सावकाश, एका कडेनं. मग मान आली, मग खांदे, आणि ती बाहेर पडली. मळलेली, विस्कटलेली, पण पंख नवे. फांदीवर बसून तिनं ते एकदा पसरून पाहिले.

"अगं माय," भिकाबाई म्हणाली, "सोताच बांधलं आन् सोताच मोडलं! काय बी न्हाई वाटलं तिला!"

पिल्लं दोन होती. पहिलं दोन दिवसांनी नीट उडालं. दुसऱ्यानं ढोलीतून उडी घेतली आणि थेट जमिनीवर, बेण्याच्या खोलीमागं आदळलं. तीन कावळे उतरले. भिकाबाई माझी छत्री घेऊन गेली आणि पिल्लापासून दहा पावलांवर उभी राहिली. सकाळी नऊपासून. कावळा आला की छत्री उघडायची, गेला की मिटायची. मी भाकरी नेली, खाल्ली नाही. खुर्ची नेली, बसली नाही. वर त्याचे आईबाप ओरडत होते आणि खाली ही त्यांना उत्तर देत होती, "हाय मी, हाय!"

अडीचच्या सुमाराला पिल्लू धडपडत पऱ्हाट्यांच्या ढिगावर चढलं, तिथून मोटारीच्या खोलीवर, आणि तिथून एकदम उडून लिंबावर गेलं. नरानं लगेच येऊन त्याच्या चोचीत काही तरी घातलं.

भिकाबाईनं छत्री माझ्या हातात दिली. खोबऱ्याच्या उघड्या ढोलीकडं मान वर करून तिनं बराच वेळ पाहिलं. केवढं मोठं भगदाड होतं आता तिथं, दोन्ही हात जातील एवढं.

"भाऊजी, त्येला कोनाला हात लावू देऊ नका," ती म्हणाली, आणि वाटेला लागली.